प्लॅन नसलेल्या डिव्हाइसला फक्त ॲक्टिव्हेशनपुरतं नेटवर्क द्यायचं असेल तर नुसता आयएमईआय तपासून चालेल का?

नाही, चालणार नाही. तुम्ही लिहिलंय की तुमचे मीटर फॅक्टरीतून निघतात तेव्हा त्यांच्यात कुठल्याच ऑपरेटरचा चालू प्लॅन नसतो, वायफाय नाही, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर त्यांनी मोबाइल नेटवर्कवरून स्वतःचं प्रोफाइल, म्हणजे ऑपरेटरच्या सिममध्ये असते ती माहिती, उतरवून घ्यावं एवढंच हवंय. ऑपरेटरला आयएमईआयची यादी दिली की झालं, असं तुम्हाला वाटतंय. मी कनेक्टेड डिव्हाइसच्याच कामात आहे आणि ही कल्पना बऱ्याच टीमकडून ऐकते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयएमईआय म्हणजे डिव्हाइसच्या ओळखीचा 15 आकडी नंबर, पहिले 8 आकडे मॉडेल सांगतात आणि शेवटचा चेक डिजिट, म्हणजे नंबर लिहिण्यात चूक झाली का ते पकडणारा आकडा असतो. नेटवर्कने विचारलं की डिव्हाइस तो नंबर सांगतं, बस. त्याच्यामागे कुठलीच गुप्त की नाही, नंबर बॉक्सवर छापलेला असतो, आणि बऱ्याच मॉडेममध्ये तो बदलताही येतो. चोरीचे फोन ब्लॉक करायला तो ठीक आहे, पण आत घ्यायचं की नाही हे त्याच्यावर ठरवलं तर कोणीही तुमच्या मीटरचा नंबर लावून आत येणार.

सिमचं काम वेगळं आहे. सिममध्ये एक गुप्त की असते, तीच की ऑपरेटरकडे असते, आणि ती सिममधून कधीच बाहेर येत नाही. नेटवर्क एक रँडम आकडा पाठवतं, सिम त्या कीने उत्तर काढून देतं, उत्तर जुळलं तर ओळख पटली. 3जीपासून पुढे नेटवर्कलाही आपण खरे असल्याचं सिमला पटवून द्यावं लागतं, 2जीत ते नव्हतं, म्हणून तर खोटे टॉवर उभे करणाऱ्यांचं फावलं. जमत असेल तर तुमच्या मॉडेममध्ये 2जी बंदच ठेवा.

आता तुमच्या मनात येईल की मग सिम नसलेल्या फोनवरून 112 कसा लागतो. तिथे मुद्दामच ऑथेंटिकेशन, म्हणजे वर सांगितलेली ओळख पटवणं, सोडून दिलेलं असतं. 4जीमध्ये याला इमर्जन्सी अटॅच म्हणतात आणि फक्त नीट सबस्क्रिप्शन असलेल्यांनाच घ्यायचं की अगदी सिम नसलेल्यालाही घ्यायचं याचे चार पर्याय स्टँडर्डमध्येच दिलेत, कायदा काय म्हणतो ते बघून ऑपरेटर त्यातला एक निवडतो. जर्मनीत 2009 पासून सिमशिवाय 112 लागतच नाही कारण खोट्या कॉल्सचा फार त्रास व्हायला लागला होता, उलट अमेरिकेत प्लॅन नसलेल्या फोनवरूनही 911 लागला पाहिजे असा नियम आहे. पण अशा फोनला मिळतं काय तर फक्त इमर्जन्सी सेवा, दुसरं कुठलंही डेटा कनेक्शन मागितलं की नकार. ओळख पटलेली नसते म्हणून कीच तयार होत नाहीत, म्हणजे एन्क्रिप्शनही नाही. जीव वाचवायचा असेल तर हे सगळं मान्य आहे आणि माझ्या मते ते तसंच असायला हवं, पण हाच दरवाजा ॲक्टिव्हेशनसाठी वापरायचा विचार कोणी करू नये.

तुमच्यासाठी रस्ता म्हणजे बूटस्ट्रॅप प्रोफाइल. ईसिममध्ये, म्हणजे ज्यात प्रोफाइल नंतर नेटवर्कवरून उतरवता येतं अशा सिममध्ये, फॅक्टरीतच एक छोटं पण खरंखुरं प्रोफाइल टाकतात, त्याला स्वतःचा सबस्क्रायबर नंबर आणि स्वतःची की असते, त्यामुळे ऑथेंटिकेशन पूर्ण होतं, कुठेही सूट नाही. ते फक्त एका वेगळ्या एपीएनला, म्हणजे ऑपरेटरच्या डेटा नेटवर्कमधल्या वेगळ्या दाराला, जोडलं जातं आणि तिथून प्रोफाइल सर्व्हरशिवाय कुठेही जाता येत नाही. सर्व्हरला पोचल्यावर ईसिमची चिप आणि सर्व्हर एकमेकांची सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्रं, तपासतात, आणि मग खरं प्रोफाइल एन्क्रिप्ट होऊन येतं, ते त्याच चिपला उघडतं. म्हणजे तुमच्या मीटरच्या सॉफ्टवेअरवरसुद्धा विश्वास ठेवायची गरज पडत नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती लिमिट लावण्यात, आणि इथे मी ऑपरेटरला अक्षरशः खोदून खोदून विचारते. लिमिट नेटवर्कच्या बाजूलाच हवं, डिव्हाइसमधल्या फायरवॉलवर सोडू नका, कारण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की ती फायरवॉल गेली. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी ॲड्रेस सांगणारी सेवा, सगळ्यांसाठी उघडं ठेवू नका, डीएनएसच्या प्रश्नोत्तरांमध्ये डेटा भरून बाहेर काढायची टूल्स सहज मिळतात, त्यापेक्षा रिझॉल्व्हर, म्हणजे ही उत्तरं देणारा सर्व्हर, फक्त तुमच्या एक-दोन नावांनाच उत्तर देईल असा ठेवा. साइटचं नाव बघून परवानगी देणारे फिल्टरही फसतात कारण कनेक्शनच्या सुरुवातीला ते नाव क्लायंटच सांगतो, खोटं सांगितलं तर फिल्टर सोडून देतो, म्हणून आयपी ॲड्रेसवर बांधा. शिवाय डेटाची आणि वेळेची मर्यादा हवीच, प्रोफाइल उतरवायला फार डेटा लागत नाही, त्यामुळे कमाल आकडा बिनधास्त लहान ठेवा.

तुमची आयएमईआयची यादी इथे उपयोगी पडते, पण दुसरी तपासणी म्हणून. या सिमबरोबर हाच आयएमईआय दिसला पाहिजे असं बांधून घ्या, बदलला तर अलर्ट येऊ दे. सिम उपटून फोनमध्ये घालणारे बहुतेक लोक तिथेच सापडतात, नंबर क्लोन करणारा सुटेल पण त्याला वरच्या लिमिटमुळे मिळणार काहीच नाही.

उद्या तुमचे मीटर एखाद्या कारखान्याच्या खासगी 5जी नेटवर्कवर जाणार असतील तर त्यासाठी 3जीपीपीच्या, म्हणजे मोबाइल नेटवर्कची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या, रिलीज 17 मध्ये ऑनबोर्डिंगची, म्हणजे नवं डिव्हाइस पहिल्यांदा आत घ्यायची, वेगळी सोय आली आहे. त्यात बूटस्ट्रॅप प्रोफाइलची गरज नाही, उत्पादकाने डिव्हाइसमध्ये टाकलेलं सर्टिफिकेट चालतं, ते तपासून नेटवर्क फक्त प्रोव्हिजनिंग सर्व्हरपर्यंतचं, म्हणजे डिव्हाइसला नेटवर्कची ओळख देणाऱ्या सर्व्हरपर्यंतचं, कनेक्शन देतं आणि ठराविक वेळात काम झालं नाही तर डिव्हाइसला बाहेर काढू शकतं. फक्त निवडलेला मॉडेम आणि ते नेटवर्क दोघांनाही हे खरंच येतं का ते ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्या, कारण स्टँडर्डमध्ये असलेलं सगळं प्रॉडक्टमध्ये असतंच असं नाही.