ऑफिसांमध्ये एआय कसा शिरतोय? वरून आदेश येतो की कर्मचारी आपणहून वापरतात?

बहुतेकदा आधी कर्मचारी, मग आदेश. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि कंपन्यांचं धोरण ठरायच्या आतच लोक त्यावर ईमेल, मीटिंगचे मुद्दे, एक्सेलचे फॉर्म्युले करून घ्यायला लागले, साहेबांना न सांगता. त्यातून घोळही झाले. 2023 मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड त्यात टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली.

मला जास्त रोचक वाटतं ते हे, की फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी ग्राहकसेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचं काम तपासून 2023 मध्ये निष्कर्ष मांडले. एआय टूल हाताशी आल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारींची संख्या सरासरी 14 टक्क्यांनी वाढली. नवख्यांच्या बाबतीत 34 टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांना फारसा फरकच पडला नाही. कारण टूल मुरलेल्यांच्याच संभाषणांवरून शिकलं होतं आणि तेच नवख्यांना सुचवत होतं. (त्याचा मोबदला मुरलेल्यांना कोण देणार, हा वेगळाच प्रश्न.)

तुम्ही सुरुवात करणार असाल तर मसुदे आणि सारांशांपासून करा. आकडे आणि संदर्भ मात्र स्वतः तपासा, एआय ते कधीकधी बिनदिक्कत चुकीचे देतो.