जोर लावूनही शिसं लांब का जात नाही?

तुम्ही विचारलंय की मासे धरायचा सात फुटी रॉड आहे, पूर्ण ताकद लावता, तरी गळाला वजन म्हणून बांधलेलं दहा ग्रॅमचं शिसं पंधरा मीटरच्या आतच का पडतं. रॉडवर ४०-८० ग्रॅम छापलंय असंही लिहिलंय. निम्मं उत्तर तिथंच आहे. तो आकडा, किती वजनाला रॉड नीट वाकतो ते सांगतो. दहा ग्रॅमला तो वाकतच नाही, म्हणजे तुमच्या हातात नुसती लांब काठी राहते.

मी कोल्हापूरचा, पंचगंगेवर गळ टाकतो. पण यातलं मर्म मला आधी कळलं ते शाळवाच्या रानात, पाखरं राखताना. गोफणीचा दगड हातानं भिरकावलेल्या दगडापेक्षा कितीतरी लांब जातो. दंड तोच, पण दगड मोठ्या वर्तुळावर फिरतो, म्हणून तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतो. रॉडचंही तसंच. वरची मूठ टेकू धरा. खालची मूठ तिच्यापासून ३० सेंटीमीटरवर, टोक १८० सेंटीमीटरवर. खालचा हात वीतभर पोटाकडं ओढला की टोक सहा विती पुढं जातं, म्हणजे वेगही सहापट. बहुतेक लोक वरच्या हातानंच ढकलत बसतात. खरं काम खालच्या हाताचं आहे. शिसंही टोकाला चिकटवून ठेवू नका, अर्धा मीटर लोंबू द्या. वर्तुळ आणखी मोठं होतं.

आता वाकण्याचं. शिसं मागं रेटतं, रॉड वाकतो, तुमची ताकद त्या बाकात साठते. सुरुवातीलाच हिसका दिलात तर रॉड वाकून मध्येच सरळ होतो आणि साठलेलं वाया जातं. म्हणून हळू सुरुवात करायची, वेग सलग वाढवत न्यायचा आणि शेवटी मूठ गपकन थांबवायची. मूठ थांबली की रॉड सरळ होत टोकाला पुढं झटका देतो. वेगात मोठा वाटा तरफेचाच, पण हा जादाचा झटका फार मोलाचा. हवेचा अडथळा सोडला तर सेकंदाला २० मीटर वेगानं, ४५ अंशात सुटलेलं शिसं सुमारे ४१ मीटर जातं, २५ मीटर वेगानं ६४. वेग सव्वापट, अंतर दीडपटीच्या वर.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तर्जनीच्या पहिल्या पेरावर धरा. लवकर सोडलात तर शिसं आभाळात जातं, उशिरा सोडलात तर समोरच पाण्यात आदळतं. रॉड वाकलेला असल्यानं मूठ पुढं आली तरी टोक मागंच असतं, वर चढत असतं. सोडायची वेळ तीच.

तंगूस जाड असेल तर रॉडच्या कड्यांना घासतो, हवेतही ओढतो, म्हणून मासा झेपेल इतका बारीक घ्या. रिळाच्या काठाखाली एक-दोन मिलिमीटर जागा सोडून भरा. अर्धवट भरलेल्या रिळावर प्रत्येक वेढा काठाला घासत बाहेर पडतो.

तूर्त ४० ग्रॅमचं शिसं लावून बघा, किंवा १०-३० ग्रॅमचा रॉड घ्या. आणि टाकण्याआधी मागं, वर एकदा नजर टाका. आपल्या नदीकाठाला पाण्याच्या मोटारींच्या वीजतारा असतात, आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.