वकिलात, अशील आणि तैवानची पाटी

प्रश्न असा आहे: ऑक्टोबर 2024मध्ये मुंबईत तैवानचं कार्यालय सुरू झालं. त्याला कुणी 'वकिलात' लिहितं, कुणी 'दूतावास'. बरोबर काय?

दोन्ही चूक. हे वाचून वाचून डोकं उठलंय. वकिलात हा दूतावासाचाच जुना शब्द. दूतावास राजधानीत असतो, आणि भारताचे तैवानशी राजनैतिक संबंधच नाहीत.

आता 'वकील'. कोर्टातला काळा कोट सोडून द्या. अरबीत वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. हिंगणे हे पेशव्यांचे दिल्लीतले वकील. 1784मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी बादशहाकडून मिळवलं ते पद 'वकील-इ-मुतलक', म्हणजे सर्वाधिकारी मुखत्यार. 'वकिलात परकी, दूतावास आपला' म्हणणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांना हा फरक कधी दिसलाच नाही: दूत निरोप पोचवतो, वकिलाच्या हाती मुखत्यारी असते.

खरी गंमत पुढे आहे. वकिलाचा जोडीदार 'अशील'. याची फोड 'अ-शील', म्हणजे शील नसलेला, अशी करणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. मूळ अरबी 'असील', अस्सलच्या कुळातला. सिपाहीचा शिपाई झाला तसा असीलचा अशील झाला. अरबी कायद्यात असील म्हणजे मूळ धनी आणि वकील त्याचा मुखत्यार. मराठीने ही जोडी अख्खी उचलली.

आणि तैवानचं सगळं काम चालतं ते अशिलाचं नाव न घेता. मुंबईतल्या कार्यालयाचं नाव 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र'. देशाच्या जागी शहर. दिल्लीतलं केंद्र 1995चं, त्याच साली आपली तिकडे 'इंडिया-तैपेई असोसिएशन' आली. व्हिसा, कागदपत्रांचं साक्षांकन, व्यापार सगळं होतं, फक्त धन्याचा उल्लेख नाही. अमेरिकेने तर 1979मध्ये हे काम एका बिननफा खासगी संस्थेवर सोपवलं. लिथुआनियाने 2021मध्ये विल्नियसच्या कार्यालयाच्या नावात 'तैवान' येऊ दिलं, तेवढ्यावर चीनने त्या देशाशी संबंधांचा दर्जा उतरवला. अशिलाच्या नावाची किंमत ही अशी.

'मान्यता' आणि 'संबंध' यांचीही सरमिसळ थांबवा. इस्रायलला भारताने 1950मध्ये मान्यता दिली, मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावासही (कॉन्सुलेट, म्हणजे दूतावासाहून खालचं कार्यालय) होता, पण पूर्ण राजनैतिक संबंध आले 1992मध्ये.

तर बातमीत केंद्राचं पूर्ण नाव द्या. मथळ्यात मावत नसेल तर 'तैवानचं प्रतिनिधी कार्यालय' लिहा.