मेंदूच्या ऑपरेशननंतर पोटातून रक्तस्राव का होतो? धोका कोणाला जास्त?

वडिलांच्या मेंदूतली गाठ काढली, पोटाला कुणी हातही लावला नाही, मग नाकातल्या नळीतून कॉफीसारखं काळपट पाणी का आलं, असं तुम्ही विचारलंय. मी न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत नर्स आहे. तुमची भीती मला कळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कवटीतला दाब वाढला, की व्हेगस नर्व्हमार्फत, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नसेमार्फत, जठराला जादा आम्ल तयार करण्याचा इशारा मिळतो. त्यातच आजारपणाच्या ताणाने जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटतो आणि तिथे व्रण पडून रक्त येतं. हार्वी कुशिंग या न्यूरोसर्जनने १९३२ मध्ये हा संबंध मांडला, म्हणून त्याला कुशिंग अल्सर म्हणतात.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. ४८ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटर लागणं आणि रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड असणं, ही दोन कारणं सगळ्यात भक्कम. पेशंट जितका कमी शुद्धीवर, तितका धोका वाढतो. बीपी फार खाली जाणं, अंगात जंतुसंसर्ग पसरणं, किडनी किंवा लिव्हर आधीच कमकुवत असणं, हेही भर घालतं.

स्टेरॉईडबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात आणि ते गरजेचं असतं, स्वतःहून बंद करायला सांगू नका. पण जोडीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी असेल, तर अल्सरचा धोका बराच वाढतो. शिवाय अल्सर फुटून भोक पडलं, तरी स्टेरॉईडमुळे ताप आणि पोटाचा कडकपणा झाकला जातो. अर्धवट शुद्धीतला पेशंट पोट दुखतंय हेही सांगू शकत नाही. म्हणूनच आम्ही पोटाची फुगी, नाडी आणि हिमोग्लोबिन यांवर सतत लक्ष ठेवतो.

एक गोष्ट फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. पूर्वी अल्सर झाला होता का? गुडघेदुखीसाठी रोज गोळी चालू होती का? रक्त पातळ करणारं औषध, दारू? फाईलमध्ये हे बरेचदा नसतं. आजच डॉक्टरांना सांगा.

पँटोप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध आणि शक्य तितक्या लवकर नळीतून आहार, यांनी जठराला संरक्षण मिळतं. ते औषध गरज संपल्यावर बंद करायचं असतं, कारण आम्ल कमी झालं की आतड्यातला जंतुसंसर्ग होऊन जुलाब लागू शकतात. डिस्चार्जच्या वेळी ते किती दिवस घ्यायचं, हे नक्की विचारा.

बद्धकोष्ठ हा वेगळा त्रास, आणि तो फार जणांना होतो. वेदनेसाठीची अफूवर्गीय औषधं आणि पडून राहणं ही त्याची कारणं. कुंथल्याने डोक्यातला दाब वाढतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध टाळू नका.

घरी गेल्यावर डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली, रक्ताची उलटी झाली किंवा अचानक घाम येऊन चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर तिथे तसं सांगा.