देवाने देवदूत ‘बनवले’ की ‘निर्माण केले’?

प्रश्न असा आहे : शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, चार ते सहा वर्षांच्या मुलांना सृष्टीचा पाठ शिकवताना देवदूतांसाठी कोणते क्रियापद वापरावे? शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘उत्पन्न केली’ असे येते, मुले ‘बनवले’ म्हणतात आणि मोठ्यांच्या प्रार्थनेत ‘निर्माणकर्ता’ असतो. शिवाय मुलांना ‘देवदूत’ या शब्दाचा अर्थ काय सांगायचा?

क्रियापदाचे उत्तर स्पष्ट आहे. देवदूतांसाठी ‘निर्माण केले’ म्हणावे. ‘बनवले’, ‘घडवले’, ‘तयार केले’ ही घरातली, मुलांच्या सवयीची क्रियापदे आहेत, पण ती ऐकली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कशापासून? लाडू बनवायला बेसन लागते, एवढे चार वर्षांच्या मुलालाही कळते. ‘देवाने देवदूत बनवले’ म्हटले की मूल विचारते, “कापसाचे का?” आणि शिकवणारी व्यक्ती गडबडून “प्रकाशाचे” असे काहीतरी सांगून टाकते, जे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. मुलाचा प्रश्न रास्तच असतो. त्याला तिकडे वळवलेले असते आपल्या क्रियापदाने.

‘घडवणे’ टाकून द्यायचे मात्र नाही, ते माणसासाठी राखून ठेवावे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव जमिनीतल्या मातीपासून माणूस करतो. तिथले हिब्रू क्रियापद ‘यात्सर’ हे कुंभाराच्या कामाचे आहे, कुंभाराला हिब्रूत याच धातूवरून ‘योत्सेर’ म्हणतात. तिथे “कशापासून?” या प्रश्नाला शास्त्रातच उत्तर आहे, म्हणून ‘घडवला’ चपखल बसते. पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत ‘बारा’ हे वेगळे क्रियापद येते. या अर्थाने त्याचा कर्ता नेहमी देवच असतो आणि कशापासून केले ते त्याच्यासोबत सांगितले जात नाही. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ ‘निर्माण करणे’ येते. याच अध्यायात साधे ‘करणे’ अशा अर्थाचे ‘आसा’ही येते, त्यामुळे कुणी ‘देवाने सूर्य-चंद्र केले’ म्हटले तर त्यात काही चूक नाही.

मग शास्त्रातलेच ‘उत्पन्न केली’ का नको? जुन्या मराठीत ते उत्तमच होते. आज ‘उत्पन्न’ म्हटले की शेताचे उत्पन्न किंवा उत्पन्नाचा दाखला आठवतो, आणि ‘उत्पत्ती’ मुलांच्या कानावर येते ती डासांची. त्यातही ‘उत्पन्न झाले’ म्हणजे आपोआप झाले, असा अर्थ लागतो आणि कर्ता देव वाक्यातून निसटतो. पुस्तकाचे नाव म्हणून ‘उत्पत्ती’ ठेवावे आणि ओळ वाचताना शास्त्रातला शब्द जसाच्या तसा वाचावा. समजावून सांगताना मात्र ‘देवाने निर्माण केले’ असे म्हणावे आणि दर वेळी कर्ता बोलून दाखवावा.

‘निर्माण’ हा शब्द लहान मुलांना जड जातो, हे खरे. पण त्याचा अर्थ तीन छोट्या वाक्यांत सांगता येतो : “आधी नव्हते. देव बोलला. झाले.” हीच वाक्ये ‘प्रकाश होवो’ या ओळीला जोडून मुलांकडून म्हणून घ्यावीत. मग एखाद्या मुलाला गोष्ट परत सांगायला लावावी. ते ‘बनवले’ म्हणाले तर टोकू नये, आपण पुढच्या वाक्यात ‘हो, देवाने निर्माण केले’ म्हणावे. टोकले की मूल गोष्ट सोडून शब्द शोधत बसते.

सृष्टीच्या सात दिवसांचा तक्ता करताना एक चूक फार होते. पहिल्या चौकोनात प्रकाशाशेजारी देवदूत चिकटवले जातात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवदूतांचा उल्लेखच नाही. ते देवाने निर्माण केलेले आहेत हे स्तोत्र 148 आणि कलस्सैकरांस पत्र 1:16 (‘दृश्य व अदृश्य’) यांवरून कळते. ईयोब 38:7 मध्ये पृथ्वीचा पाया घातला जात असताना देवपुत्र जयघोष करतात, आणि हे देवपुत्र म्हणजे देवदूत असेच सहसा मानले जाते. पहिल्या दिवसाच्या प्रकाशातच देवदूत आले, असे प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन मानत असे, पण ते त्याचे विवेचन आहे. देवदूतांचे चित्र तक्त्याच्या कडेला लावावे, कोणत्याही चौकोनात नको.

आता ‘देवदूत’. व्याकरणात हा षष्ठी तत्पुरुष आहे : देवाचा दूत. मुलांच्या कानाला मात्र तो ‘देवमाणूस’सारखा लागतो, म्हणजे देवासारखा असलेला दूत, एक छोटा देव. इथे खरा घोळ होतो, कारण देवदूतही निर्माण केलेलाच आहे आणि त्याची उपासना करायची नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात योहान पाया पडू लागतो तेव्हा देवदूत स्वतःच त्याला थांबवतो. म्हणून पहिले काही आठवडे समास सोडवूनच बोलावे : ‘देवाचा दूत’. शास्त्रातही ‘परमेश्वराचा दूत’, ‘प्रभूचा दूत’ असे येते. ‘राजदूत’ शेजारी ठेवला तर थोड्या मोठ्या मुलांना लगेच उमगते : राजदूत म्हणजे राजा नव्हे, राजाचा निरोप आणणारा. हिब्रू ‘मलाख’ आणि ग्रीक ‘अँगेलोस’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ निरोप्याच आहे.

‘पंख असतात तो देवदूत’ ही व्याख्या सोडून द्यावी, नाहीतर मूल त्याला परीच समजते. यशया संदेष्ट्याने पाहिलेल्या सराफीमांना (देवाच्या सिंहासनाजवळच्या स्वर्गीय जिवांना) सहा पंख आहेत. पण अब्राहामाकडे आलेले पाहुणे माणसांसारखेच दिसले, आणि त्यांतले दोघे पुढे लोटाकडे गेले ते देवदूत होते. ओळख कामावरून करून द्यावी : निरोप आणणे, राखण करणे, देवाची स्तुती करणे.

घरात कुणी वारले की ‘आजी देवदूत झाली’ असे सांगितले जाते. त्यामागची माया कळते, पण ख्रिस्ती शिकवणीत माणूस देवदूत होत नाही. लूक 20:36 मध्ये पुनरुत्थित (मेलेल्यांतून उठलेली) माणसे देवदूतांसारखी असतील एवढेच म्हटले आहे. त्यात दुसऱ्याच दिवशी ‘देवदूत तुझ्या उशाशी असतो’ असे ऐकले, तर काही मुले रात्री घाबरतात. मराठीत ‘देवाघरी गेली’ हा सुंदर प्रयोग तयारच आहे, तोच वापरावा.

आणखी एक, वचनाचे. ‘देवदूत’चे अनेकवचनही ‘देवदूत’च, त्यामुळे आदरार्थी ‘देवदूत आले’ म्हटले की एक आला की पुष्कळ, हे मुलाला कळत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांजवळ आधी एकच दूत उभा राहतो आणि मग एकाएकी स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय दिसतो. तिथे ‘एक देवदूत आला’ आणि मग ‘खूप खूप देवदूत आले’ असेच म्हणावे. गब्रीएल या देवदूतालाही एकवचनच लावावे, त्यात अनादर नाही. मराठीत आपण देवालाही ‘तू’च म्हणतो.