फ्लॅटमध्ये जमिनीवर लॅमिनेटच्या फळ्या उभ्या टाकाव्यात की आडव्या?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतं: फोंड्याचा फ्लॅट, हॉल 18 बाय 11 फूट, मुख्य दारासमोर पश्चिमेची बाल्कनी, मधूनच काटकोनात फुटणारा पॅसेज आणि पुढे दोन बेडरूम. मेस्त्री म्हणतो सगळीकडे एकच दिशा, घरचे म्हणतात खोलीप्रमाणे बदला. हॉलमध्ये फळ्या दारातून बाल्कनीकडे, 18 फुटांच्या बाजूने टाका. पॅसेजच्या बाबतीत मात्र मेस्त्रीचं ऐकू नका.

हॉलचं कारण उजेड. फळ्या कितीही नीट बसल्या तरी सांध्यावर केसभर उंचसखलपणा राहतोच, आणि हल्ली कडेला मुद्दाम खाचही ठेवतात. उजेड सांध्यांच्या दिशेने आला तर काही दिसत नाही. आडवा आला की प्रत्येक सांध्याची सावली पडते. हे मी म्हापशाला, स्वतःच्या बेडरूममध्ये, पदरचे पैसे मोजून शिकलो. खिडकी पूर्वेला आणि फळ्या दक्षिणोत्तर, का तर तसं कापाकापी कमी. दुपारी जमीन झकास दिसायची. सकाळी साडेसातला ऊन आत आलं की पन्हळी पत्रा! बायको पाहुण्यांसमोर तिथला पडदा उघडू देत नसे. तुमची बाल्कनी पश्चिमेची, म्हणजे तुमचा पत्रा संध्याकाळी पाचला दिसला असता, नेमका लोक चहाला येतात तेव्हा.

आमच्या जुन्या घराच्या माडीवर हा प्रश्नच नव्हता. तिथे फणसाच्या फळ्या तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेल्या, त्यामुळे खोली कशीही असो, फळी तुळईला काटकोनातच जाणार. फ्लॅटमध्ये खाली स्लॅब असतो आणि फळ्या एकमेकींत अडकवून नुसत्या पसरलेल्या असतात, म्हणून तर आपल्याला निवड आहे.

आता पॅसेज. हॉलचीच दिशा पुढे ओढली तर साडेतीन फुटांच्या बोळात आखूड आखूड तुकडे येतील आणि रुळाखालचे स्लीपर मोजत गेल्यासारखं वाटेल. तिथे फळ्या पॅसेजच्या लांबीने वळवा आणि वळणावर टी-प्रोफाइलची, म्हणजे दोन भागांमधली फट झाकणारी टी आकाराची पट्टी द्या. पट्टी दिसते म्हणून लोक टाळतात, पण एल आकाराची अखंड जमीन आपल्या हवेत तशीही धोक्याचीच. इथे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लॅमिनेटचा गाभा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला, तो दमट हवेत फुगतो आणि फुगायला जागा नसेल तर फळ्या सांध्यावर उचलतात. भिंतीलगत चारी बाजूंनी 10 मिलिमीटर फट सोडायलाच लावा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचं फ्लोअरिंग घेतलंत तर ते पाण्याने फुगत नाही, पण उन्हाने तापून पसरतं. पश्चिमेच्या बाल्कनीच्या दाराशी फट तिथेही हवीच.

बेडरूमची दिशा वेगळी झाली तरी बिघडत नाही. जोड बंद दाराखाली येतो. तिथे खिडकीकडे बघून ठरवा. खोली फारच अरुंद असेल तरच लांबी आधी, उजेड नंतर. तिरक्या मांडणीच्या नादी लागू नका. सरळ मांडणीत साधारण पाच ते दहा टक्के माल वाया जातो, तिरकीत पंधराच्या घरात.

खोकी दोन दिवस खोलीतच आडवी ठेवा. मग दोन-तीन ओळी न अडकवता, एकदा उभ्या आणि एकदा आडव्या मांडून दारातून बघा. संध्याकाळी, लाइट न लावता.

काम सुरू व्हायच्या आधी एक हिशेब मेस्त्रीसमोर बसून करा. 11 फूट म्हणजे साधारण 3350 मिलिमीटर. दोन्हीकडची फट वजा जाता 3330. फळी 193 मिलिमीटर रुंद असेल तर 17 ओळींत 3281 संपतात आणि शेवटच्या भिंतीशी 49 ची चिंधी उरते. ती धड अडकत नाही आणि दिसतेही वाईट. म्हणून पूर्ण ओळी 16 च धरायच्या आणि पहिली व शेवटची ओळ 121-121 ची कापून घ्यायची. खोलीची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीनदा मोजा. माझ्या हॉलच्या दोन टोकांत 22 मिलिमीटरचा फरक निघाला होता, आणि बिल्डरच्या नकाशावर ती खोली काटकोनात होती.