वाचकांचे प्रश्न: बोट वाचलं, पण खरं सांगू का?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबायच्या मशीनवर) आहे. टार्गेट वाढलंय, नाइटवर नाइट लागते, झोप नाही. परवा डुलकी लागली आन् बोट चेपलं, नख गेलं. सुपरवायझर म्हणतो ईएसआयला (कामगारांच्या सरकारी विम्याला) घरी लागलं म्हणून सांग. काय करू?
- एक वाचक, मिरज

उत्तर: दादा, घरी लागलं असं अजिबात सांगू नका. कामावरच्या दुखापतीला ईएसआय पगाराच्या साधारण ९० टक्के देतं, साध्या आजारपणाला ७० टक्के आन् तेही वर्षात ९१ दिवसच, आणि उद्या ते बोट आखडलं तर कायमच्या अपंगत्वाचा क्लेम कशावर करणार तुम्ही? आधी अ‍ॅक्सिडेंट रजिस्टरला नोंद करायला लावा, तारीख-वेळ टाकून अर्ज द्या, पोच घ्या, मशीनचा फोटो काढून ठेवा.

आता डुलकीचं. ती तुमची चूक म्हणून मनाला लावून घेऊ नका, थकलेल्या माणसाचा हात उशिरा मागं येतो आन् प्रेस थांबत नाही, म्हणून तर हात आत जाऊ नये असा गार्ड लागतो. तो प्रॉडक्शनसाठी काढलेला असेल तर तेही लिहा. रॉबर्ट आयझेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ सालीच मांडलं होतं, कंपनीला आपली काळजी आहे का हे कामगार सतत जोखत असतो. जिथं लपवायला सांगतात तिथं पुढचा माणूस थोडक्यात निभावलं तरी ते बोलतच नाही, आन् मग खरंच बोट जातं.

कंपनीत ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं तक्रार करा. झोप, धास्ती याबद्दल बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.